क्लेमेन्सचं शिंग आणि माझी विहीर

आमच्या वाडीत आता अकराच धुराड्यांतून धूर निघतो. बाकीच्या घरांना कुलपं, आणि त्या कुलपांना गंज. रस्त्याच्या टोकाला एका बाजूला माझं घर, समोर क्लेमेन्सचं. आम्ही दोघं शाळेत एका बाकावर बसलो, पंचाहत्तरीला समोरासमोरच पोचलो. तरी त्याच्याबद्दल कुणी विचारलं की माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघतं: त्या माणसाला दात नाहीत.

म्हणजे कवळी आहे. पण शिंग फुंकताना तो ती काढून ठेवतो. आणि ठेवतो कुठे? माझ्या विहिरीच्या कठड्यावर! नाताळाआधीच्या आगमनकाळाचे चार आठवडे, रोज पहाटे साडेपाचला आणि रोज दिवेलागणीला, माझ्या अंगणात, माझ्या विहिरीवर, त्याचे दात. एका वर्षी बर्फावरून पाय सरकला, हात लागला आणि कवळी गेली आत. अर्धा दिवस बादली सोडून गाळ उपसत बसला होता. शेवटी सापडली. ती धुतली, तोंडात बसवली आणि मला म्हणाला, "तेक्ला, पाणी गोड आहे गं तुझं." अशा माणसावर रागवायचं तरी कसं? मी मात्र रागावत असे. त्याचं कारण पुढे सांगते.

शिंग लाकडाचं असतं, जवळजवळ माणसाएवढं लांब आणि टोकाला वाकडं. लाकूड उभं चिरायचं, दोन्ही फाळी आतून कोरायच्या, पुन्हा जोडायच्या आणि झाडाच्या मुळ्यांनी आवळून बांधायच्या. कोरडं असेल तर त्यातून नुसती हवा सुटते. पाण्यात भिजवलं की लाकूड फुगतं, फट बुजते आणि मग ते बोलतं. शिवाय विहिरीच्या तोंडावर वाकून फुंकलं की आवाज पाण्यावर आपटून दुप्पट होऊन वर येतो आणि पार नदीपलीकडे जातो. येणारा प्रभू केव्हा येईल याचा नेम नाही, तेव्हा झोपून राहू नका, एवढंच ते सांगत असतं. आमचे म्हातारे म्हणायचे, शेवटच्या दिवशी देवदूत शिंग फुंकेल तेव्हा दचकायला नको, म्हणून दरवर्षी चार आठवडे सराव. नळ आले तशा सगळ्यांनी विहिरी बुजवल्या. आमची तेवढी राहिली, कारण माझ्या नवऱ्याने, हिलारीने, ती बुजवू दिली नाही. "क्लेमेन्स काय मग बेसिनवर फुंकणार?" म्हणाला.

क्लेमेन्सला हे शिंग मामाकडून मिळालं. आईबाप लहानपणीच गेले, मामाने वाढवला. लाकूड कापायच्या गिरणीत लागला, तिथे डाव्या हाताची दोन बोटं गेली. उरलेल्या तीन बोटांत शिंग बरोबर बसतं, असं तोच हसून सांगायचा. लग्न ठरलं होतं लुदविकाशी. ती सहा महिन्यांसाठी म्हणून बेल्जियमला गेली, लोकांची घरं पुसायला. त्या वर्षांत आमच्याकडची निम्मी माणसं तिकडेच जात होती. मी तेव्हा टपाल वाटायचे, सायकलवरून, चार गावांत. तिची दोन पत्रं मीच त्याच्या हातात दिली. तिसरं आलं नाही. वर्षभर तो फाटकाशी उभा राहायचा आणि मी लांबूनच मान हलवायची, नाही म्हणून. मग मी चिडून एकदा म्हटलं, "अरे, थंडीत कशाला उभा राहतोस? असलं तर आणून देईन ना घरात!" तर म्हणतो, "तू आणशीलच गं. पण मी झोपलेलो असलो तर बरं दिसायचं नाही."

असा माणूस. पुढे त्याने फाटकाशी उभं राहणं सोडलं, पण पहाटे उठणं सोडलं नाही.

आमच्या घरात त्या शिंगाचा एक नेमच होऊन बसला होता. बाहेर पहिला आवाज झाला की हिलारी डोळे उघडायचा, माझ्याकडे वळायचा, कोपराने ढोसायचा आणि म्हणायचा, "ऊठ गं तेक्ले, वाजलं." एकेचाळीस वर्षं. मी उलट म्हणायचे, "मला काय कान नाहीत?" मग तो चूल पेटवायचा, मी बटाटे सोलायला घ्यायचे, आणि दिवस सुरू.

नऊ वर्षांपूर्वी, डिसेंबरात, आमचं भांडण झालं. कशावरून? आंबवायच्या कोबीच्या पिंपावरून. मीठ जास्त पडलं त्याच्या हातून. मी बोलले, "तुझ्या हातून आयुष्यात एक काम धड झालं नाही." त्याने टोपी घातली आणि गोठ्यात गेला. तासाभराने मी बघायला गेले तर गवतावर आडवा पडलेला. अर्धं अंग गेलेलं.

डॉक्टर आले, फादर आले, तेल लावून प्रार्थना करून गेले. दोन दिवस तो डोळे मिटून पडला होता. मी खुर्ची ओढून उशाशी बसले होते आणि एकच म्हणत होते, बोल रे काहीतरी. शिव्या दे, पण बोल. तिसऱ्या दिवशी, संत लुसीच्या दिवशी, पहाटे श्वासाची घरघर बदलली. मला कळलं. मी उठून खिडकी सताड उघडली. आमच्याकडे उघडतातच, जीव अडकून पडू नये म्हणून. येऊन बसले आणि पाहते तर त्याचे ओठ हलतायत. काहीतरी म्हणत होता. स्पष्ट म्हणत होता, मलाच. आणि त्याच वेळी अंगणात शिंग! उघड्या खिडकीतून सगळी खोली त्या आवाजाने भरली. मी कान त्याच्या तोंडाला लावला तरी शिंगच ऐकू येई. एकदा, दोनदा, तीनदा. नेहमी तीनदाच फुंकतात. त्या दिवशी चौथ्यांदा फुंकलं, पाचव्यांदाही फुंकलं. थांबलं तेव्हा हिलारीचे ओठही थांबले होते.

तीस वर्षं मी लोकांची पत्रं लोकांना पोचवली. माझ्यासाठी एकच निरोप निघाला होता, तो माझ्यापर्यंत पोचला नाही. काय म्हणाला असेल? मला माफ केलं म्हणाला? की नाही केलं म्हणाला? रात्र रात्र मी त्याच्या तोंडात एकेक वाक्य घालून बघत असे. एकही बसत नसे.

क्लेमेन्सला मी हे कधीच सांगितलं नाही. विहिरीवर येऊ नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि सांगितलं असतं तर मी रडले असते. त्याच्यासमोर रडायचं मला नव्हतं. म्हणून तो येत राहिला, मी पडदा ओढून आत बसत राहिले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे एक ताट जास्तीचं मांडतात, कोणी वाटसरू आला तर असावं म्हणून. मी एकटी दोन ताटं मांडायचे. समोरच्या खिडकीत दिसायचं, तोही एकटा दोन मांडायचा. दोन घरांत दोन माणसं आणि चार ताटं. तरी मी रस्ता ओलांडला नाही, आणि त्यानेही नाही.

मग हे वर्ष. तेरा तारीख, संत लुसीचा दिवस. मी नेमकी त्या वेळी पाणी काढायला बाहेर आले होते. क्लेमेन्सने फुंकलं, तीनदा झालं, थांबला, आणि पुन्हा एकदा फुंकलं. मग शिंग खांद्याला टेकवून मला म्हणाला, दातांशिवाय जसं येतं तसं, "आज हिलारीचा दिवस. दरवर्षी त्याच्या नावाने एक जास्तीचं वाजवतो."

माझ्या हातातून बादली सुटली. नऊ वर्षांचं सगळं बाहेर आलं. "त्याच्या नावाने? अरे, त्याच्या तोंडचा शेवटचा शब्द खाल्लास तू! मरताना बोलत होता माझ्याशी! आणि तू खिडकीखाली भोंगा लावून उभा होतास! मेल्या, एक दिवस गप्प बसला असतास तर काय आकाश कोसळलं असतं? पुन्हा या अंगणात पाऊल टाकशील तर बघ!"

तो उभाच राहिला. दात नसलेलं तोंड, आत गेलेले गाल. शिंग उचललं आणि फाटकाबाहेर गेला. कवळी कठड्यावरच राहिली.

संध्याकाळी शिंग वाजलं नाही. दुसऱ्या पहाटेही नाही.

मला वाटलं होतं, आता झोपेन. कसली झोप! पाच वाजता टक्क जाग यायची. उठून बसायचे, अंधारात. साडेपाच व्हायचे. पावणेसहा. काही नाही. बाहेर बर्फ पडायचा, त्याला तर आवाजच नसतो. सहा वाजता मी परत आडवी व्हायचे आणि मग उठायला कारणच सापडायचं नाही. एकदा तर दहा वाजेपर्यंत पडून होते, पांघरूण डोक्यावरून घेऊन. आगमनकाळात! माझ्या आईने पाहिलं असतं तर केरसुणी घेऊन आली असती. आणि मला लाज वाटायची ती निराळ्याच गोष्टीची. ज्या आवाजाचा नऊ वर्षं द्वेष केला, त्याचीच मी वाट बघत होते.

चौथ्या दिवशी युफेमियाचा फोन आला. ती वाडीच्या दुसऱ्या टोकाला, सहा वर्षं अंथरुणावर.

"क्लेमेन्स गेला का गं?" तिने विचारलं.

"नाही, आहे."

"मग मी गेले का? मला शिंग ऐकू येत नाहीये."

"तू कुठली जातेस! आहेस अजून."

"बघ हो," ती म्हणाली. "पडल्या पडल्या मला तेवढंच कळतं, की अजून एक सकाळ आली. त्याला म्हणावं, माझ्यासाठी तरी वाजव."

मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. कशाला बरं म्हटलं, देव जाणे. कवळी मी पेल्यात पाण्यात घालून खिडकीत ठेवली होती. रोज मी तिच्याकडे बघायचे, आणि ती माझ्याकडे बघून हसायची. माणूस खातोय काय, हा प्रश्न मनात यायचा, आणि मी तो हाकलायचे. आठव्या दिवशी नाही हाकलता आला. पेला रुमालात गुंडाळला आणि रस्ता ओलांडला. वीस पावलं असतील. नऊ वर्षांत पहिल्यांदा गेले.

तो टेबलाशी बसला होता, दुधात पाव बुडवून खात. चुलीच्या कट्ट्यावर शिंग पडलं होतं. उष्णतेने सुकून त्याची फट उघडली होती, चांगलं बोट जाईल एवढी.

"दात," मी म्हटलं आणि पेला त्याच्यासमोर ठेवला.

"ठेव," तो म्हणाला. घातले मात्र नाहीत. पाव चिवडत म्हणाला, "खिडकी उघडी होती, तेक्ला."

"काय?"

"त्या दिवशी. मी अंगणात आलो तर तुझी खिडकी सताड उघडी, एवढ्या थंडीत. मला कळलं ना, हिलारी निघाला म्हणून. हिलारी नेहमी म्हणायचा, क्लेमेन्स, झोपेत मरण नको रे बाबा, जागेपणी जायचंय मला, कोण न्यायला आलंय ते बघायचंय. म्हणून मी फुंकलं. तीनदा फुंकलं, वाटलं अजून झोपेत असेल. म्हणून आणखी दोनदा. छातीत होता नव्हता तेवढा श्वास घालून फुंकलं."

"आणि मी?" मी ओरडले. "मी तिथे बसले होते ना! मी ऐकत होते!"

"ते माझ्या डोक्यातच आलं नाही." तो माझ्याकडे बघत नव्हता. "मी जवळ बसलेला असताना कधी कोणी गेलंच नाही, तेक्ला. मामा इस्पितळात गेला, मी पोचलो तोवर चादर ओढलेली. मला काय ठाऊक, शेवटी माणसं बोलतात म्हणून?"

राग यावा तर तो यायला तयार नव्हता. मी तिथेच उभी राहून रडले, त्याच्यासमोर. तो उठला, घरातला एकमेव धुतलेला टॉवेल आणून हातात दिला आणि पुन्हा जाऊन बसला. बाहेर अंधारून आलं होतं. त्याच्या खिडकीतून माझं घर दिसत होतं, एक दिवा लागलेलं, आणि मला वाटलं, हा रोज संध्याकाळी एवढंच बघत बसतो.

"हे फुगेल का परत?" मी शिंगाकडे बोट दाखवलं.

"फट मोठी पडलीय. सांगता येत नाही."

"माझ्या कुंडीत टाक. विहिरीचं पाणी भरते. चोवीसच्या पहाटे ये. आणि त्या दिवशी फुंकलंस तसंच फुंक. पाच वेळा. मी खिडकी उघडी ठेवून बसणार आहे."

"कशाला?"

"मला ऐकायचंय."

"काय ऐकणार, तेक्ला? नऊ वर्षं झाली."

"ते तू मला शिकवू नकोस," मी म्हटलं. मलाही ठाऊक नव्हतं काय ऐकणार ते.

दोन दिवस शिंग माझ्या कुंडीत, गुरांच्या पाण्याच्या दगडी कुंडीत, बुडून पडलं होतं. वर बर्फ धरायचा, तो मी चुलीच्या लोखंडी सळीने फोडायचे, दर तीन तासांनी. गरम पाणी ओतलं तर लाकूड तडकेल म्हणून थंडच. हातांना भेगा पडल्या. मध्येच फटीत बोट घालून बघायचे. आधी पहिलं पेर जायचं, मग नखच जायला लागलं.

चोवीसच्या पहाटे मी पाचला उठले. पलंगाशेजारी तीच खुर्ची ओढली. पलंग रिकामा, पण मी उशी नीट केली. खिडकी सताड उघडली. फाटक वाजलं, बर्फावर बूट करकरले, कुंडीतलं पाणी खळबळलं. दात कठड्यावर ठेवल्याचा बारीक आवाज आला.

पहिल्यांदा नुसतं फुस्स झालं. दुसऱ्यांदा फुस्स, आणि मागून काहीतरी घोगरं, आजारी गाईसारखं. बाहेर क्लेमेन्स स्वतःशीच पुटपुटला, पाण्यात पुन्हा बुडवलेलं ऐकू आलं. मी डोळे मिटून घेतले. देवा, तू येणार आहेस म्हणतात, तर ये. आणि नसशील येणार तर हे एवढं तरी वाजू दे.

मग ते वाजलं.

खोली भरून गेली. आणि मला हिलारीचे डोळे दिसले. उघडलेले! दोन दिवस मिटलेले डोळे त्याने उघडले होते, पहिल्या आवाजाला. हे मी विसरूनच गेले होते. नऊ वर्षं मी फक्त ओठच बघत बसले. ओठ आणि शिंग एकदम नव्हतेच; आधी शिंग वाजलं, मग त्याने डोळे उघडले, मग मान माझ्याकडे वळवली. त्याचा बरा हात पांघरुणाखाली हलला होता, माझ्या बाजूला, कोपर जरासं उचललं होतं. मला तेव्हा वाटलं, झटका आला. मग ओठ हलले.

आवाज पुन्हा भरून आला, आणि माझ्याच तोंडून, मला न विचारता, शब्द निघाले: ऊठ गं तेक्ले, वाजलं.

ओठ बसले. एकेक अक्षर बसलं.

माफीबिफी काही नाही. कोबीचं नाव नाही. एकेचाळीस वर्षं जे म्हणाला तेच म्हणाला, आणि मी वेडी, नऊ वर्षं काहीतरी मोठं शोधत बसले. मी हसत होते की रडत होते, मला सांगता यायचं नाही. चौथं झालं, पाचवं झालं. मी तशीच घरातल्या चपला घालून बर्फात धावले.

क्लेमेन्स कठड्याला टेकून धापा टाकत होता. ओठ निळे पडलेले.

"आलं ऐकू?" त्याने विचारलं. घाबरला होता.

"आलं."

"काय म्हणाला?"

"ऊठ म्हणाला."

"एवढंच?"

"एवढंच. तुझं शिंग ऐकूनच म्हणाला. रोज म्हणायचा तेच."

क्लेमेन्सने मान खाली घातली. पूर्वेला, लुदविकाच्या जुन्या घराच्या पडक्या छपरावर, पहाटेचा तारा लखलखत होता. कुणाच्या तरी खिडकीत दिवा लागला, बहुतेक युफेमियाच्या.

"मग?" तो म्हणाला. "आता?"

"आता काय? उठलेय की, दिसत नाही?" मी कठड्यावरची कवळी उचलली, एप्रनला पुसली आणि त्याच्या हातात ठेवली. थंडगार झाली होती बिचारी. "संध्याकाळी जेवायला ये. ताट तर दरवर्षी मांडलेलंच असतं. आणि दात घालून ये."